किल्कोरवानचा पाणक्या

किल्कोरवानमध्ये पाहण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं की डिंप्ना मर्नाहन चार गोष्टी सांगायची. संत कोरवानची विहीर, शेंडा नसलेला गोल मनोरा, शापाचे दगड आणि पडक्या चर्चमागची जुनी दफनभूमी. विहिरीच्या पाण्यानं डोळे बरे होतात. शापाचे दगड डावीकडे फिरवले की दुसऱ्याचं वाटोळं होतं, पण शाप खोटा असला तर तो फिरवणाऱ्यावरच उलटतो. त्यामुळे गावात भांडणं उदंड असूनही दगड वर्षानुवर्षं जागचे हललेले नाहीत. मनोऱ्याचा शेंडा कसा गेला, हे मात्र पाहुणा कुठला आहे त्यावर ठरायचं. अमेरिकेचा असला तर इंग्रजांनी तोफ डागली, इंग्लंडचा असला तर वीज पडली.

डिंप्ना अडुसष्ट वर्षांची होती. पडक्या चर्चच्या फाटकाची किल्ली तिच्याकडे असायची, कारण तिचं घर फाटकाला लागूनच होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली विहीर दिसायची, वर दफनभूमी, आणि मधली दगडी पायवाट तर अगदी खिडकीखालून जायची. अकरा वर्षं ती पाहुण्यांना गाव दाखवत होती आणि अजून एकही पाहुणा कंटाळून परत गेला नव्हता, असं ती स्वतःच सांगायची.

एक पाचवी गोष्ट होती, ती मात्र ती पाहुण्यांना कधी सांगत नसे.

किल्कोरवानच्या मातीत गेलेल्यांना तहान लागते. पापं धुऊन निघेपर्यंत ते तसेच पडून असतात, घसा कोरडा. त्यांना पाणी पाजायचं काम ज्याला सगळ्यात शेवटी पुरलं त्याचं. त्यानं रोज दिवेलागणीला संताच्या विहिरीवरून बादली भरायची, वर न्यायची, प्रत्येक कबरीवर घोटभर ओतायचं. पुढची अंत्ययात्रा फाटकातून आत आली की तो सुटला आणि नवा आलेला कामाला लागला. म्हणून एकाच दिवशी दोन मयती झाल्या की गावात पळापळ व्हायची. आपलं माणूस आधी आत गेलं पाहिजे, शेवटचं दुसऱ्याचं राहू दे. डिंप्नाच्या आजोबांच्या काळी तर एका घरच्यांनी फाटक गाठता येईना म्हणून शवपेटी कुंपणाच्या भिंतीवरून आत टाकली होती. पेटी फुटली, पण नंबर लागला.

आता अशा गावात जन्म काढलेल्या बाईनं काय करावं? दोन वर्षांमागच्या मार्चमध्ये डिंप्नाचा नवरा मॅलकी रविवारी गेला आणि पबवाला पॅकी टुओही सोमवारी. दोघांनाही बुधवारी पुरायचं ठरलं. चौकात दोन्ही गाड्या समोरासमोर आल्या. पॅकीच्या मुलांनी गाडीचं इंजिन गुरगुरत ठेवलं होतं. मॅलकीच्या गाडीचा चालक मागे वळून डिंप्नाकडे बघत होता, नुसतं हो म्हणायची खोटी. पण डिंप्नाच्या शेजारी डब्लिनहून आलेली नणंद बसली होती, काळे हातमोजे घालून. तिच्यादेखत मयतीची शर्यत लावायची डिंप्नाला लाज वाटली. "जाऊ दे त्यांना आधी," ती म्हणाली, "आपल्याला कसली घाई?"

सहा आठवड्यांनी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कार्यालयाचं पत्र आलं. जुन्या दफनभूमीत खाली पाणी लागतंय, जमीन खचतेय, यापुढे तिथं कुणालाही पुरता येणार नाही. नवऱ्याशेजारी बायकोलाही नाही. हमरस्त्यालगत नवी जागा घेतली होती, तिथं गाड्या उभ्या करायचीही सोय होती.

म्हणजे मॅलकी शेवटचा. यापुढे कुणी येणार नाही, तो कधी सुटणार नाही. आणि हे सगळं डिंप्नाच्या चारचौघांतल्या शहाणपणामुळे.

पहिल्या उन्हाळ्यात तिला पायवाट ओली दिसायला लागली. आठवडाभर पावसाचा थेंब नाही, आणि विहिरीपासून वरच्या फाटकापर्यंत दगडांवर ओला पट्टा. ती संध्याकाळी बादली विहिरीच्या कठड्यावर उपडी घालायची, सकाळी ती सुलटी असायची. मग एके दिवशी, उजेड जाता जाता, खिडकीखालून बादलीची कडी वाजत गेली. मागोमाग पाऊल वाजलं. एक पाऊल नीट, एक घासत. मॅलकीचा मणका सरकलेला होता, डावा पाय तो असाच ओढायचा. चव्वेचाळीस वर्षं ते पाऊल तिनं दारात ऐकलं होतं. तिनं खिडकी उघडली तेव्हा खाली कुणी नव्हतं, नुसते ओले दगड होते.

दुसऱ्या दिवशी ती पबमध्ये गेली. पॅकीची मुलगी कन्सेप्टा आता पब चालवत होती. ती ग्लास पुसत होती.

"तुझा मॅलकी आणि पाणी?" कन्सेप्टा म्हणाली. "अगं, जिवंतपणी त्यानं स्वतःच्या चहाचा कप उचलून ठेवला नाही कधी!"

"म्हणून तर जीव तुटतो," डिंप्ना म्हणाली. "सवय नाही गं त्याला. शिवाय ती कंबर."

"फादर अल्टनना सांगितलंस?"

"सांगितलं. त्यांनी मला डॉक्टरांचा नंबर दिला."

कन्सेप्टा हसली नाही. तिनं फडकं खाली ठेवलं. "आमचे बाबा अर्ध्या तासात सुटले, डिंप्ना. तू थांबलीस म्हणून. अर्ध्या तासात काय, एखादी बादलीही झाली नसेल. हे मी रोज रात्री आठवते, खोटं नाही सांगत."

"आठवून काय उपयोग? पाणी तर तोच वाहतोय."

तेव्हापासून दोघी त्यावर बोलल्या नाहीत. डिंप्ना रोज संध्याकाळी खिडकीशी बसायची. पाऊल वाजलं की "दमलास का रे?" असं हळूच विचारायची आणि मग तिला रडू यायचं. एकदोनदा ती स्वतः बादली भरून वर घेऊन गेली, पण पायवाटेवर ते घासतं पाऊल अगदी शेजारून गेलं आणि तिचं धैर्य खचलं. नवऱ्याची भीती वाटली याची तिला नंतर फार शरम वाटली.

सप्टेंबरच्या शेवटी, पाहुण्यांचा हंगाम संपत आला असताना, कन्सेप्टाचा फोन आला.

"एक बाई पाठवतेय तुझ्याकडे. डाना नाव. ओहायोहून आलीय, अमेरिकेला गेलेल्या डिलिया स्कॅहिलची नात. माझ्याकडे वरच्या खोलीत उतरलीय."

"मग पाठव ना, त्यात फोन कसला?"

"तिच्या पाठीवर एक पिशवी आहे. काल जेवतानाही खाली ठेवली नाही, मांडीवर घेऊन बसली."

"काही किमती असेल."

"किमती वस्तू असं कुणी कवटाळत नाही," कन्सेप्टा म्हणाली आणि आवाज खाली आणला. "डिंप्ना, मला वाटतं ती म्हातारीची राख घेऊन आलीय. डिलियाची. मी आपलं सांगितलं हं. मी काही म्हटलेलं नाही."

डिंप्नानं फोन ठेवला. राख. राखेला कसला खड्डा लागतो, कसली परवानगी लागते? वीतभर माती उकरली की झालं. कुंपणाच्या आत, वर माती, आणि दोन शब्द प्रार्थनेचे. एवढं असलं की गावाच्या हिशेबानं तो माणूस पुरला गेला. आणि तो पुरला गेला की मॅलकी सुटला.

डाना चाळिशीच्या आतबाहेरची, उंच, अबोल बाई होती. डोळ्यांखाली काळं पडलं होतं. डिंप्नानं तिला मनोरा दाखवला, इंग्रजांची तोफ डागली, शापाचे दगड दाखवले. विहिरीपाशी डाना बराच वेळ वाकून पाण्यात बघत राहिली.

"यात एक मासा आहे म्हणे. आजी सांगायची. कधीच मरत नाही तो."

"आहे ना. पण तो ज्याला त्याला दिसत नाही."

"तुम्हाला दिसलाय?"

"मला अकरा वर्षांत नाही दिसला," डिंप्ना म्हणाली. एरवी ती पाहुण्यांना दोनदा दिसल्याचं सांगायची, पण आज तिला थापा सुचत नव्हत्या. "आजी कधी गेली तुमची?"

"दोन वर्षं झाली. चौऱ्याण्णवाव्या वर्षी. सतराव्या वर्षी इथून गेली, पण शेवटपर्यंत बोलणं इथलंच. ही विहीर, हा मासा, कुणी कुणाची शवपेटी भिंतीवरून टाकली..."

डिंप्नानं चमकून तिच्याकडे पाहिलं. "ती का टाकली, हेही सांगितलं होतं?"

"नाही. भांडण होतं ना काहीतरी?"

"तसंच काहीतरी," डिंप्ना म्हणाली.

वरच्या फाटकाशी आल्यावर डाना थांबली. पाठीवरची पिशवी तिनं पुढे घेतली आणि दोन्ही हातांनी धरली.

"एक विचारायचं होतं. मी कुणाला तरी बरोबर आणलंय. इथं ठेवायला. इथं बंदी आहे हे मला माहीत आहे, तुम्ही नाही म्हणालात तर मी समजेन."

डिंप्नानं विचारायचं होतं ते एवढंच: कोण? एक शब्द. साधी माणुसकी म्हणूनही कुणीही विचारलं असतं. तो तिच्या ओठांवर आला आणि तिनं तो गिळला. डिलियाच असणार. जुनी माणसं सांगायची, डिलिया स्कॅहिल म्हणजे अकरा गाईंच्या घरातली धट्टीकट्टी पोर, याच विहिरीवरून पाणी भरत मोठी झालेली. तिला काय जड जाणार आहे? आणि दुसरं कुणी निघालं, तर नाही म्हणावं लागेल. म्हणून विचारूच नये.

"काउंटीला काय कळतंय," डिंप्ना म्हणाली. "या. फाटकातूनच या, भिंतीवरून नको."

स्कॅहिलांच्या कबरी कोपऱ्यात होत्या, यू नावाच्या जुन्या सदाहरित वृक्षाखाली. डिंप्नानं घरून बागेतलं खुरपं आणलं होतं. ते डिंप्नाच्या पिशवीत आधीपासूनच होतं याचं डानाला नवल वाटलं नाही, किंवा वाटलं तरी ती बोलली नाही. डानानं आपल्या पिशवीतून लाकडाची डबी काढली. चहाच्या डब्याएवढी. बऱ्याच वर्षांपूर्वी लंडनहून टुओहींच्या काकाची राख आली होती ती डिंप्नानं पाहिली होती, बुटांच्या खोक्याएवढी पेटी होती. ही तिच्या निम्मीही नव्हती. म्हातारपणी माणूस आटतंच, डिंप्नानं मनाशी म्हटलं. असं म्हणताना आपण काय करतोय हे तिला कळत होतं. तरीही तिनं खड्डा चांगला कोपरापर्यंत खोल खणला, डबी आत गेल्यावर माती घट्ट दाबली, आणि डानाला प्रार्थना येईना तेव्हा स्वतः गुडघे टेकून सगळी प्रार्थना म्हटली, एकही शब्द न गाळता.

आमेन म्हणताना खालच्या बाजूनं वारं आलं. पायवाटेच्या टोकाशी बादलीची कडी एकदाच वाजली, कुणीतरी खाली ठेवावी तशी. सुटला, तिला वाटलं. सुटला गं बाई माझा मॅलकी. इतका आनंद तिला लग्नाच्या दिवशीही झाला नसेल.

डाना मातीवर हात ठेवून बसली होती. "इथं संध्याकाळी कुणी असतं का?" तिनं विचारलं.

"मी असते की. ही काय माझी खिडकी. का हो?"

"अंधाराची फार भीती वाटते तिला. दिवा लावल्याशिवाय झोपायची नाही."

"कोण, डिलिया?" डिंप्ना हसायला गेली.

"आजी?" डानानं वर पाहिलं. "आजी तर तिकडेच आहे, आजोबांशेजारी. ही टेस. माझी मुलगी. मार्चमध्ये गेली. सहावं संपून सातवं लागलं होतं. तिला तो मासा बघायचा होता."

डिंप्ना उभी होती ती यू वृक्षाला धरून खाली बसली. काढून घे, पोरी. आत्ताच्या आत्ता उकर ते आणि घेऊन जा. असं म्हणायचं होतं. पण डानाचा चेहरा आता पहिल्यांदा सैल पडला होता, कपाळावरची आठी गेली होती. तिला काय सांगायचं? की तुझ्या लेकीला मी कायमचं पाणी भरायला लावलंय? आणि खरं तर आणखी एक कारण होतं, तेही डिंप्नाला ठाऊक होतं. माती उकरली तर मॅलकीला पुन्हा बादली उचलावी लागेल. एवढ्या वेळातही ते तिच्या मनात आलं, आणि तिला स्वतःची किळस आली.

"लक्ष ठेवाल ना तिच्याकडे?" डानानं विचारलं.

"ठेवीन हो, बाळा," डिंप्ना म्हणाली.

डाना दुपारीच गेली. डिंप्नानं चूल पेटवली नाही, चहा केला नाही. दिवस कलायला लागला. खिडकीशी बसू नये म्हणून ती मागच्या खोलीत जाऊन बसली, रेडिओ लावला, बंद केला, आणि शेवटी खिडकीशी येऊन बसलीच.

डोंगरामागं सूर्य गेला. विहिरीवर बादली बुडल्याचा आवाज आला.

मग घासत्या पावलाची वाट बघायची जुनी सवय, ती कान देऊन बसली. पाऊल आलं नाही. "मॅलकी?" तिनं खिडकीतून हाक मारली, आणि हाक मारतानाच तिला कळलं की ती ऐकायला तिथं कुणी नाही. दोन वर्षं ती विधवा म्हणवत होती, पण नवरा रोज दारावरून जात होता. आज तो खरा गेला. त्याचा निरोपही तिला घेता आला नव्हता.

खाली दगडांवर काहीतरी खरडलं. बादली कुणी उचलत नव्हतं, ओढत होतं. चार हात ओढली, थांबली. पुन्हा ओढली, पाणी हिंदकळून सांडल्याचा आवाज आला. बराच वेळ शांत. मग पुन्हा खरड, त्याहून थोडी. खिडकीपाशी येता येता बादली कलंडली आणि गडगडत भिंतीवर आदळली. त्यानंतर जो आवाज आला तो डिंप्ना जन्मात विसरणार नव्हती. रडणं नव्हतं ते. ओरडा बसेल म्हणून पोरं श्वास आवरून धरतात, ते होतं.

थोड्या वेळानं बादली पुन्हा विहिरीकडे ओढली जाऊ लागली.

डिंप्ना उठली. शाल घेतली, दार उघडलं. भीती होतीच, पण आज घरात बसणं त्याहून अवघड होतं. पायवाटेवर कुणी नव्हतं. विहिरीच्या शेवटच्या पायरीवर बादली आडवी पडली होती, रिकामी.

"राहू दे," ती मोठ्यानं म्हणाली. "मी भरते. तुझं नाही ते काम, माझं आहे."

तिनं बादली भरली आणि वर निघाली. दोनशे अकरा कबरी होत्या, तिनं पाहुण्यांसाठी मोजून ठेवल्या होत्या. एका बादलीत तीस-एकतीस झाल्या तर रोज सात खेपा. अडुसष्ट वर्षांचे गुडघे. अजून दहा वर्षं जमेल, रेटून बारा. मग तिला हमरस्त्याच्या त्या नव्या जागेत नेतील, गाड्यांच्या शेजारी, आणि इथं हे लेकरू एकटं उरेल. तिथून तिला याच्या मदतीला येता येणार नव्हतं. शापाचे दगड न फिरवताच तिनं केवढं मोठं वाटोळं करून ठेवलं होतं. चालता चालता ती रडत होती आणि पाणी सांडू नये म्हणून बादली सांभाळत होती.

अर्ध्या वाटेवर, तिच्या खिडकीखाली, बादली एकदम हलकी झाली. पाणी होतं तेवढंच होतं. पण कडीची दुसरी बाजू कुणीतरी धरली होती, खालून, हात उंच करून. कडी त्या बाजूला जराशी कलली.

डिंप्नानं खाली बघितलं नाही. तिनं फक्त आपलं पाऊल आखूड टाकायला सुरुवात केली, शेजारच्याला जमेल इतकं आखूड, आणि दोघी वर चालू लागल्या.